चीज फ्रिजमधून थेट ताटात नको

आज तीन चीज आणली: ब्री (पांढऱ्या सालीचं मऊ चीज), दीड वर्ष मुरलेलं गौडा (घट्ट डच चीज) आणि रोकफोर (निळ्या बुरशीचं, उग्र चवीचं). प्रत्येकी 100 ग्रॅमच. कापलेलं चीज दिवसागणिक उतरतं, मोठा तुकडा घेऊन उपयोग नाही.

खाण्याआधी तासभर बाहेर काढा, पण गुंडाळलेलंच, नाहीतर कडा वाळतात. गार चीजमधली चरबी घट्ट असते, वास सुटत नाही आणि महागडं चीजही मेणासारखं लागतं.

ब्री घेताना मधोमध हलकं दाबून बघा, मऊ लागलं तर तयार. कापल्यावर आत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर अजून कच्चं. अमोनियाचा दर्प आला तर लगेच फेकू नका. कागद उघडून थोडा वेळ ठेवा. तरीही गेला नाही, तर वेळ टळली समजा. आणि कृपया तिकोनी तुकड्याचं टोक छाटून घेऊ नका! लांबीच्या बाजूने कापा, म्हणजे साल सगळ्यांच्या वाट्याला येते.

गौडातले कुरकुरीत पांढरे कण मिठाचे नव्हेत, ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक. रोकफोर अगदी शेवटी. ते आधी खाल्लं तर ब्रीची चव कळतच नाही.

उरलेलं मेणकागदात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की चीजला घाम सुटतो.