आळंदीचे बत्तासे

दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. मला घाट आठवतो तो डाव्या टाचेतून. हडपसर सोडलं तेव्हा फोड वाटाण्याएवढा होता. वडकीला तो फुटला आणि मोजा चिकटला. शुगरवाल्याने पाय जपावेत हे मी अकराव्या वर्षापासून ऐकतेय, त्यामुळे दुखण्यापेक्षा अपराधीपणच जास्त. त्यात दिंडीतले एक काका, टाळ गळ्यात, घाटाच्या दुसऱ्या वळणापर्यंत कारल्याचा रस समजावत होते. "चालून चालून साखर पळते बघा माउली. सुई बंद करा."

टाइप वन मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवतच नाही, सुई बंद केली तर दोन-चार दिवसांत दवाखाना किंवा त्याहून वाईट, हे चढणीवर कुणाला सांगणार? मी "रामकृष्णहरी" म्हणून मागे पडले. चालून साखर पळते, हे मात्र त्यांचं खरं होतं.

पुणे-सासवड हा टप्पा लांबचा, त्यात एकादशी. वाटेत कुणीतरी द्रोणात साबुदाण्याची खिचडी दिली. एरवी तेवढ्याला मी आठ युनिट घेते, चालायचं म्हणून पाचच घेतली, तीही पोटावर; चालत्या मांडीत टोचलेलं इन्सुलिन भरभर चढतं. सासवडला रात्री दहाला शुगर 142. घरी असते तर खुशीत झोपले असते. पण दिवसभर राबलेले स्नायू आपली रिकामी कोठारं रात्री भरून घेतात, रक्तातली साखर ओढत राहतात, आणि लो, म्हणजे साखर एकदम खाली जाणं, येतो तो गाढ झोपेत. ठाऊक होतं, म्हणून बेसल, म्हणजे दिवसरात्र हळूहळू काम करणारं इन्सुलिन, 20 युनिटवरून 16 केलं. पोटभर खायलाही हवं होतं. भगर-आमटीचे चार घास घेतले आणि पालात आडवी झाले. हरिपाठही चुकवला. अंगावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचा गजर फोनवर वाजतो, आणि फोन जनरेटरपाशी, चाळीस फोनांच्या ढिगात चार्जिंगला. तिथे तो इमानेइतबारे बोंबलला असणार.

शेजारची म्हातारी अडीचला आंघोळीला उठली. बायकांना टँकरखाली अंधारातच उरकावं लागतं. लुगडं ओढताना तिचा हात माझ्या मानेला लागला.

"वल्लीचिंब काहून झालीस माय? पाऊस बी नाई."

मी म्हणे तिला सुनावलं, "माझ्या ताटातून हात काढ." मला एवढंच आठवतं की जीभ जड होती आणि तिचा भयंकर राग येत होता. लो झाले की मी अशीच वागते, घरचे ओळखतात. ही परभणीकडची, ओळख तीन-चार दिवसांची. पण आळंदीला सुई बघून तिने विचारलं होतं आणि मी सांगून ठेवलं होतं: घाम फुटला, येड्यासारखं बोलले तर गोड द्या.

ग्लुकोजचा डबा माझ्या उशालाच होता. तिला तो काय माहीत! तिने आपलं गाठोडं सोडलं, आळंदीच्या प्रसादाची पुडी काढली आणि अंधारात चुरमुऱ्यांतून बत्तासे वेचून एकेक माझ्या तोंडात घातला. "चाव. चाव." बत्तासा चावावा लागत नाही, जिभेवर विरतो. ओठाला चुरमुरा चिकटला की ती बोटाने काढायची, की ठसका लागू नये. सात-आठ गेल्यावर मीटर हाताला लागलं: 51. पंधरा मिनिटांनी 74. मग पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू.

"आणखी खा. बारस लागली समज."

तोवर टँकरपाशी गर्दी झाली होती. ती नुसते हातपाय धुऊन काकड्याला गेली.

जेजुरी, वाल्हे, नीरास्नान, लोणंद. सगळं एकात एक मिसळलंय. मी बेसल 14 वर आणलं, रात्री दूध-पोळी खाऊ लागले, फोन कुशीत. तरी रोज अडीचला मानेवर तिचा गार हात. शुगर 190 असली तरी. तरडगावला मी वैतागून कूस बदलली. "कोरडी हाईस," म्हणाली आणि गेली. त्याच दिवशी चांदोबाच्या लिंबाला माउलींचा अश्व धावताना मी ढसाढसा रडले होते, आणि रात्री ही चिडचिड.

ते बत्तासे नातवासाठी राखलेले होते, हे वाखरीला दुसऱ्याच बाईकडून कळलं. पंढरपुरात मी पाव किलो घेऊन तिच्यापुढे धरले.

"हे पंढरीचे. ते आळंदीचे व्हते."

मला काय बोलावं कळेना. तिने गाठोड्यातून ती चुरमुऱ्यांची पुडी काढली, माझे बत्तासे तीत ओतले आणि तोंड आवळून पुडी चांगली हलवली.