अंगठा

अर्ज माझ्याच नावाचा होता, फक्त मी लिहिलेला नव्हता. ‘प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती मिळणेबाबत’ असा विषय, खाली माझं नाव, नावाच्या वर सहीसाठी सोडलेली जागा. शेजारी जांभळ्या शाईचा पॅड, झाकण उघडून ठेवलेला. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, पेन धरायला त्रास होतो तर अंगठा चालेल. भाऊसाहेबांनी चौकशी केलीय.”

जुलै २०२४ मधली गोष्ट. माण तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी एकवीस वर्षं मराठी शिकवत होते.

सुरुवात खडूपासून झाली. २०२२ च्या दिवाळीनंतर तो हातातून सुटायला लागला. आधी वाटलं खडूच खराब आलेत, मी भाऊसाहेबांशी भांडलेसुद्धा. मग फळ्यावरची ओळ उजवीकडे उतरायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी मानेच्या मणक्याची झीज सांगितली. गळ्यात पट्टा आला, शेक आला, एकानं तर ऑपरेशनची तारीखही काढली होती. दंडाचं मांस सारखं लवायचं. डावा डोळा लवला की बाईमाणसाला चांगलं असतं, असं सासूबाई म्हणायच्या. दंडाचं त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते जिभेवर आलं. जूनमध्ये शाळा उघडली आणि नववी ब मध्ये एक पोरगं उठून म्हणालं, “बाई, तुम्ही फळ्याला फला म्हनताय.” वर्ग हसला, मीही हसले. घरी आरशासमोर ‘काळा, बाळ, कमळ’ म्हणून पाहिलं. ळ म्हणायचा तर जिभेचा शेंडा मागं वळवून टाळूला लावावा लागतो. मूर्धन्य वर्ण म्हणून दर वर्षी फळ्यावर जिभेचं चित्र काढून हेच शिकवलं. माझा शेंडा अर्ध्या वाटेवर थांबत होता.

पुण्यात सुया टोचून स्नायूंची तपासणी झाली. हातात, पायात आणि जिभेतही. एएलएस असं नाव निघालं. मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. हुकूम पोचला नाही की स्नायू वाळतो. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते, म्हणजे सगळं कळत असतं. एका तपासणीत ‘हाच’ असा शिक्का बसत नाही, बाकीचे आजार एकेक करून खोडत यावं लागतं. त्यातच लोकांचं वर्ष जातं, माझंही गेलं. औषध म्हणाल तर रिल्युझोल, १९९५ पासूनचं. ते आजार थांबवत नाही, थोडा रेटून धरतं इतकंच.

एक जुनी आठवण त्या रात्री वर आली. २०१४ मध्ये दहावीच्या दोन पोरांनी शाळेच्या मैदानात बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली होती, मोबाईलवर बघून. आमच्याकडे टँकरचं पाणी. मी दोघांना तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं, वर ‘पाण्याचं मोल’ यावर निबंध लिहायला लावला. ते खूळ याच आजारासाठी पैसे उभे करायला निघालं होतं. अमेरिकेतल्या संस्थेला त्यातून साडेअकरा कोटी डॉलरच्या घरात मिळाले. पोरांना तेव्हा हे माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. पाण्याबाबत माझं मत आजही तेच आहे.

तर तो अर्ज. सर वाईट माणूस नव्हेत, हे आधी सांगते. जिना चढवत नाही म्हणून माझे वर्ग त्यांनीच खाली आणले होते. त्या दिवशीही चहा मागवला, मला गिळताना ठसका लागतो म्हणून बशीत ओतून दिला. “तुमच्या भल्याचंच आहे, मॅडम. पोरांचंही नुकसान नको. आता विश्रांती घ्या.” संस्थेचे एक पदाधिकारी खिडकीशी उभे होते, ते काहीच बोलले नाहीत. निवृत्तीला माझी अकरा वर्षं उरली होती. डॉक्टरांच्या पुस्तकात सरासरी दोन ते पाच. हा हिशेब खोलीत सगळ्यांना येत होता.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. माझं बोलणं मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हतं. पोरं दया म्हणून गप्प बसायची, आणि गप्प बसलेल्या वर्गाला शिकवण्यासारखं कष्टाचं काम नाही. शिकवणं सुटणार हे मी मनात कबूल केलं होतं. मी अंगठा पुढं केलाही.

अडलं ते शाईपाशी. माझी आई अंगठा लावायची. मी सातवीत असताना तिला सही शिकवली. तिचं नाव कमळ. क आणि म दोन दिवसांत आले, ळ ला पंधरा दिवस लागले. एक गाठ मोठी व्हायची, एक बारकी. बँकेत पहिली सही केली तेव्हा तिनं पॅड स्वतःच्या हातानं मागं सारला होता. मीही सारला. फार जोर नव्हता हातात, चार बोटं सरकला असेल.

“आठ दिवस द्या,” म्हणाले. ते त्यांना तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं.

पिशवी घ्यायला स्टाफरूममध्ये गेले. कपाटाच्या बाजूला एक पिवळा पडलेला तक्ता आहे. दिव्यांगांचा २०१६ चा कायदा आला, त्यानंतरच्या एका ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी लावलेला: दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार. अक्षर माझं. तेव्हाचं, सरळ रेघेतलं. खालच्या बाजूला लिहिलं होतं, ‘मज्जासंस्थेचे तीव्र आजार’. मूळ कागदात होतं तसं मी उतरवलं होतं. खरं तर तिथं ‘दीर्घकालीन’ हवं. तीव्र वेगळं, दीर्घकालीन वेगळं. मराठीची शिक्षिका असून तेव्हा खटकलं नाही, आणि आता त्याच ओळीत मी स्वतः उभी होते.

रात्री लेकीनं फोनवर तो कायदा काढून मोठ्यानं वाचला. कलम २०, पोटकलम ४. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचारी काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचं दुसरं पद द्यायचं. तेही नसेल तर दुसरं पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या वर काढलेल्या जादा पदावर ठेवायचं. आणि शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत अनुदानित संस्था येते. लेक थांबून म्हणाली, “आई, ते तुला तुझ्याच हातानं काढायला लावत होते.”

पुढचं फार रंगवत नाही. प्रमाणपत्रासाठी बोर्डापुढं गेले, तिथं मला अस्थिव्यंगात घालायचं की वाचादोषात यावर अर्धा तास चर्चा झाली. शाळेला अर्ज दिला, उत्तर नाही. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार केली. मधले चार महिने पगार अडकला, नणंदेनं घर चालवलं. शेवटी आदेश निघाला. वर्ग सुटला, सेवा राहिली. शेवटच्या तासाला मी काही बोलले नाही. पोरांना फळ्यावर ळ काढायला सांगितला, प्रत्येकानं एकेक. पूर्ण फळा भरला. एकीनंच गाठी सारख्या काढल्या.

आता डाव्या हाताच्या एका बोटानं फोनवर लिहिते. बोलून लिहायची सोय मला उपयोगाची नाही, मी ‘पगार अडवला’ म्हटलं की फोन ‘बघा आठवला’ लिहितो. उलटी सोय मात्र कामाची: मी लिहिते, फोन वाचतो. त्याचा ळ खणखणीत आहे, मला हेवा वाटतो.

माझा नंबर कसा फिरला कोण जाणे. आतापर्यंत अकरा घरांतून फोन आले. एएलएसचे, पार्किन्सनचे, एक मल्टिपल स्क्लेरोसिसवाला. आजाराचं मी डॉक्टरांवर सोडते. माझा पहिला प्रश्न ठरलेला: कशावर सही किंवा अंगठा दिलाय का?

गेल्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातून फोन आला. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, हात गेलेले. मी प्रश्न टाइप केला, फोननं विचारला.

“काल दिला, ताई. तीन महिन्यांची नोटीस म्हणाले.”

“मग तीन महिने आहेत. मुदत संपायच्या आत अर्ज मागं घेण्याची परवानगी मागता येते. उद्याच पत्र न्या. आणि पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नका.”

पलीकडं बराच वेळ काही नाही. मग ती जरा दबक्या आवाजात म्हणाली, “ताई, एक विचारू? हे तुम्ही बोलताय का मशीन?”

मी टाइप करत होते तोवर ती पुन्हा म्हणाली, “बरं, असू द्या. पत्रात काय लिहू तेवढं सांगा.”