सात गिअर, आणि सगळा प्रवास पहिल्यात

सोलापुरात सात रस्ता चौकात अडकलो होतो. दुपारचे २, बाहेर ४२ अंश. गाडी इंच-इंच सरकत होती आणि अचानक समोर इशारा उमटला : गिअरबॉक्स गरम झालाय, गाडी थांबवा.

शेजारी बसलेला शाळेतला दोस्त हसत म्हणाला, "काय बे, सात गिअरची गाडी घेतलास आणि पहिल्यातच फिरवतोस की!"

लागलं ते. कारण खरं होतं.

पुणे हायवेला हेच १ लिटरचं तीन सिलिंडरी टर्बो इंजिन असं पळतं की ओव्हरटेकला विचार करावा लागत नाही. गाडी डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक : एक क्लच १-३-५-७ सांभाळतो, दुसरा २-४-६. पुढचा गिअर आधीच तयार. पण माझ्या गाडीचे क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. रांगताना ते घासत राहतात, जणू कुणी सतत हाफ क्लचवर पाय ठेवलाय.

ओळखीच्या मेकॅनिकने एवढंच सांगितलं, "रांगू नका साहेब. पुढे जागा होऊ द्या, मग सोडा. तोवर ब्रेक दाबून उभं राहा."

जागा होऊ द्या म्हणे! नवी पेठेत मी गाडीभर जागा सोडली की तिथे दोन रिक्षा आणि एक बुलेट घुसते.

डीसीटीवाले सोलापूरकर, तुम्ही कसं जमवताय?