कार्बोरेटर मी बदलला नाही, पण क्लास माझा बदलला

या सीझनच्या पहिल्या ऑटोक्रॉसला सकाळी टेक इन्स्पेक्शनच्या (म्हणजे स्पर्धेआधी गाडी तपासतात त्या) लायनीत गाडी लावली, बॉनेट उघडलं, आणि मागे उभे असलेले सत्तरीतले एक गृहस्थ म्हणाले, "अरे वा, वेबर!" वेबर म्हणजे माझ्या गाडीतला कार्बोरेटर. मला वाटलं कौतुक चाललंय. मी आपला हसून थँक्यू वगैरे. मग ते अगदी प्रेमाने म्हणाले, पण दारावर तर तू स्ट्रीट क्लासची अक्षरं लावली आहेस...

झालं. हवाच गेली. स्ट्रीट म्हणजे फारसे बदल न केलेल्या गाड्यांचा गट, आणि त्यात हा कार्बोरेटर चालत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑटोक्रॉस म्हणजे मोठं रिकामं पार्किंग किंवा जुनी धावपट्टी, त्यावर नारिंगी कोन मांडून केलेला वेडावाकडा ट्रॅक, आणि एकेक गाडी सोडतात. रन असते मिनिटभराची, टायमिंग सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. कोन पाडला की दोन सेकंद दंड, गेट (ज्यामधून जायचं ती कोनांची जोडी) चुकलं की ती रन गेलीच. प्रत्येक कोनाभोवती खडूने चौकोन आखलेला असतो, कोन सरकला पण उभा राहिला आणि चौकोनाला जरा जरी टेकून असला तर माफ. हे मला पाठ आहे कारण आपली रन नसते तेव्हा उन्हात उभं राहून लोकांनी उडवलेले कोन आपणच उचलायचे असतात!

आता माझी गाडी. एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७८ची, रबर बंपरवाली, म्हणजे एमजीवाले जिच्याकडे बघून नाक मुरडतात ती. १७९८ सीसीचं इंजिन, आणि अमेरिकेत येणाऱ्या गाड्यांना प्रदूषणाच्या नियमांपायी जुने दोन एसयू कार्बोरेटर काढून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग दिलेला, त्यामुळे ताकद साधारण ६२ हॉर्सपॉवर. वर बंपरची उंची नियमात बसवायला १९७४च्या शेवटी अख्खी गाडीच इंच-दीड इंच वर उचललेली. वळणात ती कशी झुकते ते बाहेरून बघणाऱ्यांना फार आवडतं, आत बसणाऱ्याला तेवढं नाही.

तर या गाडीच्या आधीच्या कुठल्यातरी मालकाने, कधी ते देव जाणे, स्ट्रॉमबर्ग काढून वेबर बसवला. मी विकत घेतली तेव्हा तो होताच, मला वाटलं असाच येतो! आणि इथेच जुन्या गाडीची गंमत आहे. नवीन गाडीत काय बदललं ते आपल्याला माहीत असतं, कारण आपणच बदललेलं असतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या गाडीत पाच-सहा मालकांचे हात फिरलेले असतात आणि त्या सगळ्यांच्या हौसेचा हिशोब क्लास ठरवताना तुमच्या नावावर लागतो.

एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, त्यांच्या नियमांत स्ट्रीट म्हणजे जवळजवळ कंपनीतून आली तशी गाडी. शॉक बदला, पुढचा किंवा मागचा एक अँटी-रोल बार (वळणात गाडी कमी झुकावी म्हणून असलेला दांडा) बदला, चाकाचा व्यास एक इंच कमी-जास्त करा (१४ची १५ करता येते हे नशीब, माझदा मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारवाल्यांच्या कृपेने त्या साईझमध्ये बरे टायर मिळतात), टायरचं ट्रेडवेअर (टायर किती टिकतो त्याचा आकडा) २००च्या खाली नको. स्प्रिंग नाही, कार्बोरेटर नाही. ते केलंत की चला स्ट्रीट प्रिपेअर्डमध्ये, जिथे लोक गाड्या नीट विचार करून, खाली बसवून, रुंद टायर घालून आणतात, आणि तुम्ही तिथे वेबर लावलेली उंच गाडी घेऊन उभे, लग्नात चुकून दुसऱ्याच हॉलमध्ये शिरल्यासारखे.

शॉकचा वेगळाच घोळ. एमजीबीला पुढे लीव्हर आर्म डॅम्पर, म्हणजे हात असलेले जुन्या पद्धतीचे शॉक असतात, आणि त्या डॅम्परचा हातच सस्पेन्शनचा वरचा विशबोन, म्हणजे चाकाला वरून धरणारा दांडा असतो. म्हणजे "शॉक बदलायला परवानगी आहे" हे वाक्य माझ्या गाडीला लावायचं म्हटलं तर अर्धं सस्पेन्शनच बदलायला लागतं, आणि मग तो शॉक राहिला की नाही यावर दोन जाणकार तासभर वाद घालू शकतात, मी ऐकलाय. मी नुसतं त्यात जरा जाड ऑइल घातलं. गाडी थोडी शहाणी झाली.

आमच्या क्लबात जुन्या इम्पोर्टेड स्पोर्ट्स कारचा वेगळा क्लास आहे, जुन्या काळातले बदल चालतात, वेबरला कोणी काही म्हणत नाही. शेवटी त्यांनी मला तिथे टाकलं. तिथे इंडेक्स (वेगवेगळ्या गाड्यांची तुलना करायला टाईमला गुणायचा आकडा) लावत नाहीत, सरळ टाईम. आणि तिथे डॅटसन २४०झेड आहे, २.४ लिटर, सहा सिलिंडर, मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन. पोर्शे ९१४ आहे, इंजिन मध्यभागी, त्यामुळे स्लॅलममध्ये, म्हणजे कोनांच्या रांगेतून नागमोडी जाताना, अशी वळते की बघत राहावं. आणि एक ट्रायम्फ स्पिटफायर, जिला मी आधी हसलो होतो. तिचा टर्निंग सर्कल फक्त २४ फूट! कोर्सच्या शेवटी एक घट्ट यू-टर्न होता, तिथे मी स्टीअरिंग ओढत मोठा वळसा घेत होतो आणि ती बया जागच्या जागी फिरून चालती झाली.

पहिली रन, दोन कोन. दुसरी, गेट चुकलं, कारण लांब स्वीपरमध्ये (वेगात घ्यायच्या मोठ्या वळणात) कार्बोरेटरमधलं पेट्रोल एका बाजूला गेलं, इंजिन खोकलं, आणि मी पुढे बघायचं सोडून गेजकडे बघितलं. सकाळी कोर्स वॉक करताना, म्हणजे ट्रॅक पायी फिरून बघताना, स्वतःला तीनदा बजावलं होतं, नजर पुढच्या कोनावर. तिसरी क्लीन, ५९.४. चौथीला ठरवलं की ब्रेक उशिरा मारायचा नाही, उलट लवकर आणि कमी मारायचा, कारण ६०-७० हॉर्सपॉवरमध्ये एकदा घालवलेला वेग परत मिळवायला अर्धा कोर्स जातो. यू-टर्नमधून बाहेर पडताना आतलं मागचं चाक उचललं जाऊन नुसतं फिरतं, तिथे अॅक्सिलरेटर थोडा उशिरा दिला. ५७.८. एवढ्यानेच दीड सेकंद, आणि मी सहा महिने एक्झॉस्ट बदलायच्या विचारात होतो.

झेड ५३ मध्ये आली होती, ते जाऊ दे. पाचपैकी चौथा आलो. पाचवी अल्फा स्पायडर होती आणि तिचा क्लच गेला होता.

संध्याकाळी सामान आवरताना तेच गृहस्थ परत आले. त्यांच्या गॅरेजमध्ये एक स्ट्रॉमबर्ग पडून आहे म्हणे, हवा असेल तर घेऊन जा, वेबर काढ आणि स्ट्रीटमध्ये ये. फक्त त्याचा ऑटोमॅटिक चोक चिकटतो. रविवारी जाऊन बघणार आहे.