छोटे कमोड काढा, मोठे बसवा

सिंगापूरला एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, बऱ्याच इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. व्हॉइड डेक म्हणतात त्याला. लग्न, मयत, बुद्धिबळ, सगळं तिथेच. कडेचे काही गाळे बंदिस्त करून कुठे बालवाडी, कुठे दवाखाना. अशाच एका बंद पडलेल्या बालवाडीचं ज्येष्ठांचं केंद्र करायचं काम आमच्याकडे आलं आणि मापं घ्यायला मी गेले.

काम संडासात अडकलं. रांगेने छोटे कमोड, बसायची उंची वीतभराहून जेमतेम जास्त. व्हीलचेअर वळवायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं, म्हणजे तीन कमोड काढावेत तेव्हा एक मोठा बसणार. त्यात दाराशी पंधरा सेंटीमीटरची पायरी. एकास बारा उतार धरला तर रॅम्प एक मीटर ऐंशी, आणि नेमका तिथे खांब. मी टेप धरून त्या खांबाला शिव्या घालत होते, तेवढ्यात एक चिनी आजी आत आल्या. इथे सगळ्या आजींना आंटीच म्हणतात.

"कधी उघडणार?" पहिला प्रश्न. "माहजोंगचं टेबल ठेवणार ना?" दुसरा. माहजोंग म्हणजे चिनी सोंगट्यांचा खेळ. तिसरा आपल्याकडे एसटीत विचारतात तोच: मुलं किती?

एक, म्हटलं. आंटी हसल्या. "आम्हाला सांगायचे दोन पुरे. आता म्हणतात तीन करा!"

त्यांचं तिसरं मूल 1974 चं. सरकारचा 'दोनवर थांबा'चा धडाका तेव्हा जोरात होता. तिसऱ्या बाळंतपणाला भरपगारी रजा नाही, प्रसूतीची फी चढती, चौथ्याला शाळाप्रवेशात मागचा नंबर, पण आईबापांपैकी एकाने नसबंदी केली तर ती अट सैल. आंटींनी तिसऱ्यानंतर ऑपरेशन करून घेतलं. तक्रारीचा सूर नव्हता. बसचं तिकीट वाढलं हे सांगावं तसं सांगत होत्या.

1975 च्या सुमारासच जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 2.1 च्या खाली आला होता. लोकसंख्या टिकून राहायला तेवढी लागतात. धोरण फिरलं ते थेट 1987 मध्ये: परवडत असेल तर तीन किंवा जास्त. 2001 पासून बेबी बोनस. आता पहिल्या मुलाला रोख 11 हजार सिंगापूर डॉलर मिळतात. तरी 2023 मध्ये दर 0.97 वर आला, पहिल्यांदाच एकच्या खाली. 2024 हे ड्रॅगनचं वर्ष, चिनी लोकांत मूल व्हायला सगळ्यात शुभ, तेव्हाही 0.97 च. माझ्या मते यात पैशाचा मुद्दा दुय्यम आहे. दोन मुलांचं घर हीच नीट संसाराची खूण, हे एका पिढीच्या डोक्यात पक्कं बसवलं. पुढची पिढी त्याच्याही खाली गेली, आणि ते डॉलर देऊन उलटत नाही. आंटींच्या तीन मुलांत मिळून नातवंड एक. धाकटीकडे दोन मांजरं. "त्यांना बोनस देतात का विचार," म्हणाल्या.

आंटी बोलत होत्या तोवर आमची पोरं टाइल्स फोडायला लागली. एक तमिळनाडूचा, दोघं बांगलादेशचे, सगळे पंचविशी-तिशीतले. 2024 मध्ये देशाची लोकसंख्या 60.4 लाख होती, त्यांत 18.6 लाख असे बाहेरून कामाला, शिकायला आलेले. आकडा वाढतोय तो मुख्यतः यांच्यामुळे. पण वर्क परमिटवाल्याला बायकापोरं इथे आणता येत नाहीत, आणि घरकामाला आलेल्या बाईला दिवस गेले तर सहसा परत पाठवतात. पाळणा हलावा म्हणून एवढी धडपड करणाऱ्या देशाने, ज्यांचं वय आहे त्यांना मात्र हिशेबाबाहेर ठेवलंय. मी पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी असलेली, म्हणून माझी एक लेक तरी त्या जननदरात मोजली जाते.

नागरिकांत पासष्टीपुढचे आज पाचात एक, 2030 पर्यंत चारात एक होणार. म्हणजे अशी कामं येतच राहणार. खांबाचं म्हणाल तर तो हलला नाही. रॅम्प काटकोनात वळवला. माहजोंगची चार टेबलं ड्रॉइंगमध्ये घातली आणि क्लायंटने मंजूरही केली.