नाव नाही घेतलं तरी घेतलंच

पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी रजिस्टर्ड पाकीट आलं. पोस्टमन सही घेता घेता म्हणे, "काहून बाप्पा, वावराचं काही लफडं हाय का?" वावराचं नव्हतं. पांदण रस्त्याच्या ठेकेदारानं वकिलाकरवी पाठवलेली बदनामीची नोटीस होती.

मी गावाचं फेसबुक पेज चालवतो. कापसाचा भाव, विजेची डीपी जळाली, विहिरीत रानडुक्कर पडलं, असलं काहीबाही. तर पांदणीवर टाकलेला मुरूम पहिल्याच मोठ्या पावसात वाहून गेला, मी फोटो टाकला अन वर लिहिलं की मुरूम वाहून नाही गेला, भाऊच्या नव्या गाडीत बसून वर्ध्याले गेला. लय लाइक आले, अन नाव तर मी घेतलंच नव्हतं ना, म्हणून मी बिनधास्त.

आर्वीच्या वकीलसाहेबांनी पोस्ट वाचली, हसले, अन मग म्हणाले, "गावात नवी गाडी घेतलेले ठेकेदार किती हायेत?" एकच. झालं मग. वाचणाऱ्याला माणूस ओळखू आला की नाव घेतल्यासारखंच. अन टोमणा म्हणून सुटका होईल म्हणावं तर कलमातच लिहून ठेवलंय की उपरोधानं केलेला आरोपही बदनामी होऊ शकते. आधी आयपीसी ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आता समाजसेवेची शिक्षाही आहे.

आईला वाटलं पोलीस येऊन उचलून नेतात. तसं नाही. बदनामी अदखलपात्र आहे, समोरच्याला कोर्टात जाऊन तक्रार करावी लागते. पोस्टवरून पोट्ट्यांना उचलायचे ते आयटी कायद्याचं ६६अ कलम तर सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. पण बदनामीचा गुन्हा २०१६ मध्ये त्याच कोर्टानं कायम ठेवला, हे आपल्याकडं कोणी सांगत नाही.

"पण साहेब, साऱ्या गावाले मायीत हाय," मी म्हटलं.

"गावाले मायीत हाय हा पुरावा नसते. कागद हाय का?"

नव्हता. अन कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या भल्यासाठी सांगणं गरजेचं होतं हेही दाखवावं लागते. "अशी चर्चा आहे", "कथित" हे शब्द मी मिठासारखे वापरायचो, त्यांनीही काही वाचत नाही म्हणे.

मग टोमण्याची ओळ काढली, नोटिशीला साधं उत्तर दिलं अन दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार टाकला. अंदाजपत्रक अन एमबीची, म्हणजे मोजमाप पुस्तिकेची, प्रत मागितली. तीस दिवसांत द्यायची असते, मला अपील करावं लागलं तेव्हा कुठं मिळाली. नंतरची पोस्ट लय बोअर होती राजेहो: एमबीत जाडी एवढी लिहिली आहे, आम्ही चार जणांनी चार जागी टेप लावला तर एवढी निघाली, हे फोटो. लाइक आधीच्या अर्धे पण नाही. दुसरी नोटीस मात्र आली नाही.

त्याच आठवड्यात मला खरा घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीनं. जुन्या पोस्ट चाळताना एका लहान पोरीवरच्या अत्याचाराची बातमी दिसली, मीच टाकलेली. नाव नव्हतं, पण शाळा होती, वर्ग होता, अन बाप काय करतो तेही होतं. पोक्सोच्या, म्हणजे लहान पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, कलम २३ मध्ये नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार, सारंच मना आहे, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड होऊ शकतो. शहरात "सातवीतली मुलगी" म्हटलं तर हजारो असतील, आमच्या शाळेत सातवीत पोरीच सहा आहेत. ती पोस्ट तेव्हाच काढली, पण तीनशे जणांनी शेअर केलेली, ती कुठून काढू?

गूगलवरून उचललेले बोंडअळीचे फोटो हा वेगळा विषय, ज्यानं काढला त्याचा हक्क असतो, आता माझ्याच मोबाइलवर काढतो, अळ्यांची काही कमी नाही.

आता रोज रात्री जेवण झालं की जुन्या पोस्ट चाळतो. २०१९ पर्यंत आलो. सरपंचाच्या बकरीवर एक कविता सापडली, ती ठेवू का काढू हे वकीलसाहेबांना विचारायचं आहे.