दशांश दिल्यावर भागतं का?

शाळेत होते तेव्हा सहकारी विचारायचे. आता आमच्या चर्चच्या मंडळीतली नवीन लग्न झालेली मुलं विचारतात. गेल्याच रविवारी उपासनेनंतर एका जोडप्यानं थांबवलं. फ्लॅटचा हप्ता नुकताच सुरू झालेला. मुलगी म्हणाली, "मॅडम, पगार झाल्याबरोबर दहावा हिस्सा बाजूला काढायचा, तर उरलेल्यात भागतं का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून खरं तेच सांगते. कधी भागतं, कधी नाही.

देवाला एक द्या, तो दहा देईल, असं सांगणारे उपदेश मी ऐकलेत आणि मला ते सहन होत नाहीत. त्यासाठी बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं आकाशाची दारं उघडण्याचं वचन पुढे करतात. पण त्याच वचनात दशांश मंदिराच्या भांडारात कशासाठी आणायचा तेही सांगितलंय: तिथे अन्न असावं म्हणून. ते अन्न कुणाचं, हे बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश आपापल्या गावातच साठवायचा आणि ज्याला जमिनीचा वाटा नाही तो लेवी, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशातला माणूस, परका, अनाथ आणि विधवा यांनी तो पोटभर खायचा. गरिबाच्या ताटातल्या भाकरीवर मी व्याज कसं मागू?

माझा दशांश शास्त्र वाचता येण्याच्या आधीच सुरू झाला, आईच्या चुलीपाशी. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, कायम पावसाची वाट बघणारं. आई भाकरीसाठी परातीत पीठ घ्यायची, त्यातलं पहिलं मूठभर पत्र्याच्या एका डब्यात टाकायची आणि मग उरलेल्या पिठात पाणी घालायची. रविवारी तो डबा चर्चमध्ये जायचा. तिथे सगळ्या घरांचं पीठ एकत्र व्हायचं आणि ज्या घरी चूल पेटत नसेल तिथे पोचायचं. कुठल्या घरी, हे आम्हा मुलांना कधी कळू दिलं नाही.

१९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आईवडील दोघं खडी फोडायला जायचे. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापतानाच तुटायची. मला वाटलं, आता तरी डबा बंद होईल. आईनं मिलोच्या पिठातलीही मूठ काढली. मी रडून भांडले तिच्याशी, कारण त्या मुठीत माझी अर्धी भाकरी होती. ती इतकंच म्हणाली, "ती आपली नव्हतीच गं." मला त्या दिवशी ते पटलं नाही. खूप वर्षांनी पटलं.

म्हणून यरुशलेमच्या मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक दोन नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मला सरळ वाचताच येत नाही. लूकनं ती आपल्या शुभवर्तमानात एकविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला सांगितली आहे. तिच्या अगदी आधी, विसाव्या अध्यायाच्या शेवटी, प्रभू येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडतो. आपण अध्याय तिथे तोडतो आणि बाईचं कौतुक करतो. मला वाटतं, तिच्याकडे बघताना प्रभूच्या मनात कौतुकाबरोबर दुःखही होतं. जिच्यापर्यंत भांडारातलं अन्न जायला हवं होतं, तीच आपली उपजीविका भांडारात टाकत होती. अर्पणाच्या थैल्या मोजणाऱ्या आपण सगळ्यांनी हे दोन अध्याय एका दमात वाचले पाहिजेत.

आणखी एक. देणारा एक आणि सोसणारा दुसरा, असं घरात होऊ देऊ नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण भक्तकवी म्हणून मानतो, मीही मानते. पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसे आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्या माउलीचं आत्मचरित्र मी वाचते तेव्हा मला त्या दोघांचीही श्रद्धा दिसते, पण जीव लक्ष्मीबाईंसाठी तुटतो. माझ्या आईनं मूठ काढली ती स्वतःच्या भाकरीतलीही होती, आणि वडिलांनी तिला एकदाही अडवलं नाही. तो डबा दोघांचा होता.

भागलं नाही, तेव्हाचंही सांगते. माझ्या पतींचं मोठं ऑपरेशन झालं, त्या वर्षी पाच महिने मी दशांश दिला नाही. देऊ शकलेच नाही. सहाव्या महिन्यात मंडळीतल्या दोघी जणी गव्हाचं पोतं आणि एक पाकीट घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी दार अर्धंच उघडलं. इतकी वर्षं देणारी होते, घेताना माझा हात पुढे होईना. तेव्हा बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र, मला नव्यानं उघडलं. प्रत्येक स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो, असं तो तुरुंगातून लिहितो. 'शिकलो' म्हणतो, म्हणजे त्यालाही ते आपोआप आलेलं नव्हतं. आणि ज्या पत्रात हे लिहितो त्याच पत्रात त्या मंडळीच्या एपफ्रदीताच्या हाती आलेली मदत मिळाल्याचं कळवतो, मोकळ्या मनानं, न लाजता. संपन्नतेत राहायला शिकलो आणि विपन्नतेतही, असं म्हणणाऱ्याला घेताही येत होतं. मी नुसतं द्यायलाच शिकले होते. त्या दिवशी पोतं घेतलं, त्यातले गहू दळून आणले आणि भाकरीच्या जागी पोळ्या करायच्या आधी पहिली मूठ डब्यात टाकली.

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही प्रार्थना लहानपणापासून पाठ आहे. तिच्यातल्या 'आमची' या शब्दात त्या दोघी आणि मी एकत्र आहोत, हे मला पोतं आत ओढताना कळलं.

त्या जोडप्याला मी लगेच दहा टक्के काढा असं सांगितलं नाही. हप्ता बुडवून दिलेलं अर्पण मला कुणाकडूनच नको. म्हटलं, दोघांनी बसून पगार मांडा, आणि जे काढाल ते महिन्याच्या पहिल्या दिवशी काढा. शेवटी उरेल ते देऊ म्हणालात तर काही उरत नाही, हे मी माझ्याच पगारावर बघितलंय. आणि सध्या आकडा जमत नसेल तर तांदळाच्या मुठीपासून सुरू करा. तुमच्या इमारतीत रात्रपाळी करणारा वॉचमन आहे, त्याचं घर कुठे आहे, मुलं किती आहेत, एवढं आधी विचारा.

मुलगी म्हणाली, "डबा कसला घेऊ?" म्हटलं, लहानच घे. मोठ्या डब्यात साठवत राहशील. इस्राएल लोकांना वाळवंटात देवानं रोज दिलेलं अन्न, तो मान्नासुद्धा सकाळपर्यंत ठेवला की त्यात किडे पडत. तांदळात पावसाळ्यात सोंडे होतात. दर रविवारी रिकामा कर आणि उन्हात वाळवून परत जागेवर ठेव.